पित्ताची गोळी आणि आतड्याचा कर्करोग

पित्ताची गोळी प्रतिकारशक्ती वाढवते आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाला दूर ठेवते, हा समज निव्वळ हवेतून आलेला नाही. त्यामागे खरे प्रयोग आहेत, नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकांत छापून आलेले. मात्र ते झाले सिमेटिडिन या जुन्या औषधावर, आणि तेही कर्करोगाची शस्त्रक्रिया होणाऱ्या किंवा झालेल्या रुग्णांवर. रोज सकाळी उपाशीपोटी पँटोप्राझोल घेणाऱ्या धडधाकट माणसाला ते निष्कर्ष लावता येत नाहीत.

सिमेटिडिन १९७६ साली ब्रिटनमध्ये बाजारात आलं. जेम्स ब्लॅक यांच्या गटाने शोधलेल्या या औषधाने अल्सरच्या असंख्य रुग्णांची शस्त्रक्रिया टाळली. ब्लॅक १९८८च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी ठरले. जठरातल्या पेशींवर एच-टू नावाचे ग्राही असतात. हिस्टामिन हे शरीरातलंच रसायन त्यांना चिकटलं की आम्ल स्रवतं. सिमेटिडिन ती जागा अडवून बसतं. असेच ग्राही लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींवरही असतात आणि हिस्टामिनमुळे त्यांचं काम मंदावू शकतं. मोठ्या शस्त्रक्रियेच्या काळात प्रतिकारशक्ती दबते, ती दबू नये म्हणून हे औषध द्यावं, असा विचार पुढे आला. निरोगी माणसाची शक्ती आहे त्याहून वाढवणं हा त्याचा हेतूच नव्हता.

१९९४ साली ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक प्रयोग मांडला. शस्त्रक्रियेच्या आगेमागे जेमतेम आठवडाभर सिमेटिडिन दिल्यावर तीन वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांऐवजी ७ टक्के दिसलं. आकडा डोळे दिपवणारा, पण रुग्ण अवघे ३४! एवढ्या लहान गटात दोन-चार जणांच्या बाबतीत वेगळं घडलं असतं तरी टक्केवारी पार बदलली असती.

जपानमधला प्रयोग अधिक विचार करायला लावतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६४ रुग्ण होते. शस्त्रक्रियेनंतर सगळ्यांना फ्लुरोयुरॅसिल हे कर्करोगाचं औषध दिलं गेलं आणि त्यांतल्या काहींना सुमारे वर्षभर सोबत सिमेटिडिनही. दहा वर्षांनी सिमेटिडिनच्या गटातले ८४.६ टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्या गटातले ४९.८ टक्के. फायदा ठळक दिसला तो मात्र ठरावीक गाठींमध्येच. काही कर्करोगपेशींच्या पृष्ठभागावर विशिष्ट शर्करा-रेणू असतात. त्यांच्या जोरावर रक्तात निसटलेली पेशी रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला चिकटते आणि तिथून यकृतासारख्या अवयवात शिरते. अस्तरावरची चिकटण्याची ही जागा सिमेटिडिनमुळे कमी होते, असं प्रयोगशाळेत आढळलं. म्हणजे परिणाम खरा असला, तरी त्याचं सगळं श्रेय प्रतिकारशक्तीला देता येत नाही.

मग इतर गोळ्यांचं काय? रॅनिटिडिन सिमेटिडिनच्याच कुळातलं, तरी डेन्मार्कमधल्या ७४० रुग्णांच्या चाचणीत सर्व रुग्ण मिळून ठोस फायदा सिद्ध झाला नाही. ओमेप्राझोल आणि पँटोप्राझोल तर आम्ल बाहेर टाकणारा पंपच बंद करतात, एच-टू ग्राहींना ती हातही लावत नाहीत. २०१२च्या कॉक्रेन आढाव्यात सिमेटिडिनच्या पाच चाचण्यांतले ४२१ रुग्ण एकत्र मोजले, तेव्हा फायद्याचा कल स्पष्ट दिसला. तरीही मोठ्या चाचण्यांशिवाय ते सरसकट देता येणार नाही, हे मान्य करावंच लागतं. अमेरिकेतलं त्याचं पेटंट १९९४ मध्येच संपलं आहे. अशा स्वस्त औषधाच्या खर्चिक चाचणीत कंपन्यांना रस उरत नाही, हे रुग्णांचं खरं नुकसान आहे.

‘साधी गोळी, घेतली तर बिघडलं काय?’ हा समज सर्वांत घातक. सिमेटिडिन यकृतातली काही विकरं अडवतं. त्यामुळे वॉरफरिन, फिटांसाठीचं फेनिटॉइन, दम्यासाठीचं थिओफिलिन यांची रक्तातली पातळी चढते, फ्लुरोयुरॅसिलचीही. केमोथेरपी चालू असताना मेडिकलमधून परस्पर आणलेली आम्लपित्ताची कुठलीही गोळी ऑन्कोलॉजिस्टला दाखवूनच घ्यावी. आणि शौचातून रक्त जात असेल, शौचाची सवय अचानक बदलली असेल किंवा कारण नसताना हिमोग्लोबिन उतरत असेल, तर पित्ताच्या गोळीवर दिवस न काढता डॉक्टरांना गाठून कोलोनोस्कोपीबद्दल विचारावं.