गल्लीतला गोठा

कोल्हापूरच्या जुन्या पेठांमध्ये घराला लागून गोठा असणे ही आजही नवलाची गोष्ट नाही. शनिवार पेठेतली गवळी गल्ली तर त्यासाठीच ओळखली जाते. गंगावेशच्या दूध कट्ट्यावर मालक म्हशी घेऊन येतात, गिऱ्हाईक समोर उभे असताना धार काढतात आणि फेसाळ दुधाचा पेला हातात देतात. दुधात पाणी घातल्याचा संशय घ्यायला जागाच राहत नाही. तालमीतल्या पैलवानांची या धारोष्ण दुधावर पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा. मात्र कच्च्या दुधातून क्षय आणि ब्रुसेलोसिससारखे रोग पसरू शकतात, त्यामुळे घरी नेऊन उकळलेले दूधच शहाणपणाचे.

या कट्ट्यांवरची म्हैस बहुधा पंढरपुरी जातीची असते. मागे वळत गेलेली तलवारीसारखी लांब शिंगे ही तिची खूण. कोरड्या हवेत, बेताच्या वैरणीवर ती टिकते. अनोळखी जागी बिचकलेले जनावर पान्हा चोरते, कारण भीतीमुळे शरीरात अशी द्रव्ये वाढतात की दूध कासेतून उतरत नाही. रिक्षांच्या गोंगाटात ही म्हैस शांतपणे धार देते, याचा अर्थ तिला लहानपणापासून माणसांची आणि रस्त्याची सवय लावलेली असते.

मुंबईने दुसरी वाट धरली. वस्तीतले तबेले बाहेर हलवण्यासाठी गोरेगावला 1949 मध्ये आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. पुढे 1976 च्या राज्य कायद्याने नागरी भागात गुरे पाळण्यावर परवान्याचे बंधन आणले. पण परवाना भिंतीवर टांगल्याने शेजाऱ्याच्या नाकाला आराम पडत नाही. तो आराम मिळतो गोठेवाल्याच्या रोजच्या शिस्तीतून.

एक मोठी म्हैस दिवसाला साधारण 15 ते 20 किलो शेण टाकते. चार म्हशींचा गोठा म्हणजे रोज पाऊण क्विंटलच्या आसपास ऐवज, तोही पाच फुटी बोळात. माशी ओल्या शेणात एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते, आणि उन्हाळ्यात अंड्याची माशी व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. शेण रोज हलले तर ही साखळी जागच्या जागी तुटते. वासाचेही तसेच. मुताचा आणि शेणाचा संबंध आला की मुतातल्या युरियाचा अमोनिया होतो. डोळ्यांना झोंबतो तो हाच. म्हणून गोठ्याच्या फरशीला थोडा उतार आणि कडेला वाहती नाली असली, की अर्धी तक्रार मिटते. चांगला गवळी भल्या पहाटे, गल्ली जागी होण्याआधी, शेण भरून टोपले बाहेर काढतो आणि मगच धारेला बसतो. खरी कसोटी पावसाळ्यात. शेणी वाळत नाहीत, भिंतीवर थापायची सोय नाही, आणि उकिरडा फुगतो. शेतकऱ्याशी खताचा सौदा आधीच करून ठेवणारा गोठेवाला तेव्हा ओळखू येतो.

पाण्याचा प्रश्न अधिक अवघड. काळ्या कातडीच्या, घाम कमी येणाऱ्या म्हशीला उन्हाळ्यात डुंबल्याशिवाय किंवा अंगावर पाणी घेतल्याशिवाय चैन पडत नाही. पूर्वी रंकाळा आणि पंचगंगेचा घाट हीच तिची न्हाणीघरे होती. पाण्याच्या प्रदूषणाचा विचार करता ही सवय सुटायलाच हवी, जुनी असली तरी. गोठ्यातच बादलीने धुणे कष्टाचे आहे, पण वस्तीत राहायचे तर तेवढे करावे लागते.

शेजाऱ्यांना या बदल्यात काय मिळते? म्हैस व्याली की पहिल्या दिवसांचा चीक आसपासच्या घरांत जातो आणि गूळ-वेलची घातलेला खरवस वाफेवर चढतो. शेणींचे मोल तर अख्ख्या गावाला ठाऊक आहे: पंचगंगा स्मशानभूमीत महापालिका मोफत अंत्यसंस्कार करते, त्यासाठी शेणी लागतात, आणि होळी लहान करून शेणी दान करण्याची चळवळ शहरात रुजली आहे. दिवाळीत शिंगे रंगवून, मोरपिसे आणि कवड्यांनी सजवून म्हशी मिरवतात. मालकाच्या सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलमागे त्या पळतात तेव्हा गल्ली दुतर्फा उभी असते. त्या आवाजाचे कौतुक एखाद्या आजारी माणसाला नसते, हेही खरे; समजूतदार मालक अशी गाडी दवाखान्यासमोरून नेत नाही.

शेजाऱ्यांकडूनही थोडी काळजी अपेक्षित आहे. भाजीचे देठ आणि ताज्या साली म्हशीला चालतात. लग्नातला उरलेला भात किंवा पोळ्यांचा ढीग मात्र तिला एकदम घालू नये: पोटात आम्ल वाढून जनावर दगावू शकते. प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून टाकलेले अन्न त्याहून घातक, कारण पिशवी पोटात अडकून राहते. तेव्हा जे द्यायचे ते मालकाला विचारून, पिशवी सोडून, गव्हाणीतच द्यावे. आणि शेण साचले किंवा नाली तुंबली, तर महापालिकेत अर्ज टाकण्याआधी एकदा गोठ्यात जाऊन बोलावे.