दोन मिनिटांचा आकाशमार्ग

स्कॉटलंडच्या उत्तरेस समुद्रात ऑर्कनी नावाचा द्वीपसमूह आहे. त्यातील वेस्ट्रे व पापा वेस्ट्रे ही दोन बेटे एकमेकांच्या शेजारी आहेत. त्यांच्या विमानतळांमधील अंतर अवघे २.७ किलोमीटर आहे. मुंबईच्या विमानतळावरील मोठी धावपट्टीसुद्धा याहून लांब भरते! तरीही १९६७ सालापासून या दोन बेटांच्या दरम्यान विमानाची नियमित वाहतूक चालू आहे. जगातील नियमित विमानप्रवासांपैकी हा सर्वांत लहान प्रवास होय. वेळापत्रकात त्यासाठी दोन मिनिटे धरण्याची पद्धत आहे.

विमानतळ म्हटला, की भव्य इमारत आणि माणसांची गर्दी डोळ्यांसमोर येते. येथे तसे काही नाही. आखूड धावपट्टी व लहानशी इमारत, एवढाच काय तो थाट. विमानही बेताचेच, ‘आयलँडर’ जातीचे व दोन इंजिनांचे. त्यात जेमतेम आठ-नऊ उतारू मावतात.

या विमानाचा आकाशातील वेग ताशी सुमारे २४० किलोमीटर असतो. म्हणजे ते मिनिटाला ४ किलोमीटर जाते. या हिशेबाने २.७ किलोमीटर जाण्यास ४० सेकंद पुरेत. मग दोन मिनिटे कशासाठी? अंतरास वेगाने भागले, की वेळ मिळतो, हे वर्गातील गणित खोटे नाही. परंतु ते वेग सदैव सारखा आहे असे धरून चालते. विमान आरंभी जागेवर उभे असते. ते धावपट्टीवर धावत वेग घेते, मग वर चढते. येथे तर पुरते वर चढण्यापूर्वीच उतरण्याची तयारी करावी लागते. पूर्ण वेगाने जाण्यास त्याला उसंतच मिळत नाही.

शिवाय वाऱ्याचीही मर्जी सांभाळावी लागते. उडताना व उतरताना विमान वाऱ्याकडे तोंड करते. त्यामुळे कमी वेगातही पंखांना हवेचा पुरेसा आधार मिळतो. वाऱ्याची दिशा वाटेशी जुळली, तर विमान सरळ समोरच्या बेटावर उतरते. न जुळली, तर वळसा घ्यावा लागतो. स्टुअर्ट लिंकलेटर या वैमानिकाने हे अंतर एकदा केवळ ५३ सेकंदांत तोडले. तो विक्रम मानला जातो. लांबच्या प्रवासात वाऱ्याचा प्रभाव निराळ्या रीतीने दिसतो. मुंबईहून लंडनला जाताना परतीच्या प्रवासापेक्षा अधिक वेळ लागतो. कारण उंचावरील वारे बहुधा पश्चिमेकडून वाहतात आणि जाणाऱ्या विमानास ते समोरून अडवितात.

एवढ्याशा अंतरासाठी विमान म्हणजे निव्वळ चैन, असे कोणास वाटेल. गंमत म्हणून या विमानात बसणारे प्रवासीही थोडे नाहीत. परंतु पापा वेस्ट्रेवर जेमतेम शंभर माणसांची वस्ती आहे. मोठे रुग्णालय आहे ते कर्कवॉल या मुख्य गावी, दुसऱ्या बेटावर. तेथून निघालेले विमान वाटेत या दोन्ही बेटांवर थांबते. रुग्ण, डॉक्टर, शिक्षक या सर्वांना त्याचाच आधार असतो. दोन बेटांमध्ये बोटही चालते. मात्र समुद्र खवळला, की तिचा भरवसा नसतो. उलट, दाट धुके पसरले, की विमान जागचे हलत नाही आणि बेटावरील माणसे बोटीची चौकशी करू लागतात.