'अभ्यास चालू शे!' : जळगाव-धुळ्यातले पदवीधर तरुण अडकून का पडतात?

धुळ्यात देवपूरच्या चहाच्या टपरीवर संध्याकाळी एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "काय करी ऱ्हायना भो?" उत्तरही ठरलेलं, "अभ्यास चालू शे."

पदवी झालेली, पंचविशी ओलांडलेली, गाडीतलं पेट्रोल वडिलांच्या पैशांचं. जळगावच्या महाबळ, पिंप्राळ्यातही हेच चित्र दिसतं. पण हा निव्वळ आळस आहे का?

शिकलेलेच जास्त बेकार?

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार, २०२२ मध्ये भारतातल्या पदवीधर तरुणांत बेरोजगारीचा दर २९.१ टक्के होता. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत तो फक्त ३.४ टक्के होता. गरीब घरातल्या मुलाला मिळेल ते काम धरावंच लागतं. कॉलनीतल्या घरात पगार किंवा पेन्शन येत असते, त्यामुळे थांबणं परवडतं.

गावात काम नाही का?

आहे. जळगावात डाळ मिल, पाइप आणि चटईचे कारखाने, सराफ बाजार आहे. धुळ्यात अवधान एमआयडीसी आहे. १९९० मध्ये जळगावात विद्यापीठ सुरू झालं आणि पदवी घराजवळ आली. पण पदवीला साजेशी नोकरी शोधायला अजूनही पुणे-नाशिकच गाठावं लागतं. तिथला पहिला पगार रूम आणि मेसमध्येच संपतो.

मग एमपीएससी

राज्यसेवेसाठी वयोमर्यादा खुल्या गटाला ३८, मागासवर्गीयांना ४३ वर्षं. त्यामुळे 'अजून एक अटेम्प्ट' नेहमीच शिल्लक असतो. त्यात २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आणि अनेकांची तयारी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. मुलींना मात्र इतकी मुदत क्वचितच मिळते. चांगलं स्थळ आलं की अभ्यास संपतो.

गंमत म्हणजे, फक्त अभ्यास करणारा आणि काम न शोधणारा तरुण सरकारी आकडेवारीत 'बेरोजगार' धरलाच जात नाही.

हा फक्त खान्देशचा प्रश्न नाही

अभ्यासक क्रेग जेफ्री यांनी मेरठमधल्या अशाच तरुणांवर २०१० मध्ये पुस्तक लिहिलं. नाव 'टाइमपास'. त्यांना दिसलं की, वाट पाहणारी ही मुलं रिकामी नसतात. ती इतरांना फॉर्म, प्रवेश, कॉलेजची कामं यांत मदत करतात.

यातून बाहेर कसं पडायचं?

पहिल्या अटेम्प्टआधीच शेवटचा अटेम्प्ट कोणता, हे घरच्यांसोबत ठरवा. अभ्यासासोबत अर्धवेळ काम धरा. आणि घरच्यांनी 'निकाल कधी?' एवढंच न विचारता 'नाही झालं तर काय?' हेही विचारावं. टोमणा म्हणून नाही, सोबत बसून.