लंडनचे 'फ्रेंच' घर आणि त्याचे यजमान

'पब' हा शब्द उच्चारला की आपल्याकडची पापभीरू मंडळी कानांवर हात ठेवतात. त्यांच्या डोळ्यांपुढे गुत्ता उभा राहतो. पण 'पब' हे 'पब्लिक हाउस' या नावाचे आखूड रूप आहे, आणि त्यातला 'हाउस' शोभेपुरता नाही. खाली चार लोकांची बैठक आणि माडीवर चालकाचा संसार, अशी या घरांची जुनी तऱ्हा. या चालकाला इंग्रज 'लँडलॉर्ड' म्हणतात. शब्दकोश त्याचा अर्थ घरमालक असा देईल. प्रत्यक्षात घर पुष्कळदा बिअर बनवणाऱ्या कंपनीचे असते, आणि हे 'लॉर्ड' महाशय तिचे भाडेकरू! मराठीत त्यांना एकच शब्द शोभतो, तो म्हणजे यजमान. पाहुणे पैसे मोजून येतात खरे, पण कोणाला बसवायचे आणि कोणाला वाट दाखवायची, हे ठरवणार यजमानच.

अशा यजमानांचे एक घर लंडनच्या सोहो भागात, डीन स्ट्रीटवर आहे. सोहो ही पूर्वीपासून परक्यांची वस्ती. १६८५ साली फ्रान्समध्ये प्रॉटेस्टंटांचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतले गेले, तेव्हा परागंदा झालेली कितीतरी कुटुंबे इथे येऊन राहिली. याच डीन स्ट्रीटवर कार्ल मार्क्सने १८५० नंतरची काही वर्षे कमालीच्या दारिद्र्यात काढली. त्या गल्लीत १८९१ साली ख्रिश्चन श्मिट नावाच्या जर्मन गृहस्थाने हे दुकान मांडले. पुढे त्याला 'यॉर्क मिन्स्टर' हे नाव मिळाले. यॉर्क शहरातल्या प्रसिद्ध कॅथीड्रलचे हे नाव; पाटी अस्सल इंग्रजी, यजमान मात्र जर्मन!

१९११ साली श्मिट वारला आणि त्याच्या विधवेने दुकान सांभाळले. पण १९१४ साली महायुद्ध पेटले. इंग्लंडमध्ये जर्मन नाव धारण करणे म्हणजे संकटाला आमंत्रण. बाईने दुकान विकले. घेणारा होता व्हिक्टर बेर्लमों, बेल्जियमचा रहिवासी. एका परक्याच्या हातून घर गेले, ते दुसऱ्या परक्याच्या हाती. सोहोतल्या लोकांना बेल्जियम आणि फ्रान्स यांतला फरक पाहण्याची फुरसत कुठली? व्हिक्टर फ्रेंच बोलत होता. एवढ्यावर पाटीवरचे नाव बाजूला राहिले आणि लोक घराला 'फ्रेंच' म्हणू लागले.

त्या हाकेला १९४० साली वेगळाच अर्थ आला. फ्रान्स पडला, जनरल द गॉल लंडनला आले, आणि त्यांच्या मुक्त फ्रेंच सेनेतली माणसे या घरी जमू लागली. द गॉल यांनी फ्रेंच जनतेला उद्देशून काढलेल्या आवाहनाचा मसुदा इथेच बसून लिहिला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेकडे कोणी पुरावा मागत नाही. पण देश गमावलेल्या माणसाला आपल्या भाषेत दोन शब्द बोलायला जागा मिळावी, हे काय थोडे झाले?

युद्धानंतर व्हिक्टरचा मुलगा गास्तों यजमान झाला. त्याचा जन्म १९१४ सालचा, आणि तोही याच घरातला. भरघोस, पिळदार मिशांचा हा गृहस्थ अदबीचा पुतळा होता. कोणी गोंधळ घातला, तर आता आपणा दोघांपैकी एकाला जावे लागणार आणि तो मी नव्हे, अशा अर्थाचे तो शांतपणे सांगे. कवी डिलन टॉमस, चित्रकार फ्रान्सिस बेकन, नाटककार ब्रेंडन बीहन अशी नामांकित, आणि खिशाने बहुधा हलकी, मंडळी इथे येत. बिअर मात्र अर्ध्या पिंटाच्या पेल्यातच मिळे. आजही तसाच नेम आहे. पिंट म्हणजे सुमारे ५६८ मिलिलिटर, तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला एका वेळी २८४!

जुलै १९८४ मध्ये यॉर्कच्या खऱ्या कॅथीड्रलला आग लागली. जीर्णोद्धारासाठी भाविकांनी पाठवलेल्या देणग्या नावाच्या घोटाळ्याने या मद्यगृहात येऊन पडू लागल्या. गास्तोंने त्या इमानाने यॉर्कला पाठवल्या. तेव्हा कळले म्हणतात ते असे, की आपल्यासाठी निघालेली तांबडी वाइन अधूनमधून कॅथीड्रलला पोहोचत होती! अखेर पाटी बदलली आणि लोकांच्या तोंडचे 'फ्रेंच हाउस' हेच नाव रीतसर झाले.

१४ जुलै १९८९ रोजी, म्हणजे बास्तीयच्या पाडावाला बरोबर दोनशे वर्षे झाली त्या दिवशी, गास्तों निवृत्त झाला. बापलेकांनी मिळून पंचाहत्तर वर्षे हे घर चालवले होते. १९९९ साली तो वारला.

त्याच्यामागून लेस्ली लुइस या बाईंनी घर हाती घेतले. गेल्या काही दशकांत इंग्लंडमध्ये हजारो पब बंद पडले. जागेची भाडी वाढली, करांचा बोजा वाढला, दुकानात स्वस्त मिळणारी बिअर लोक घरीच पिऊ लागले. ज्यांना बसायला नुसती जागा हवी, त्यांची गिऱ्हाइकी फारशी फायद्याचीही नसते. अशा दिवसांत 'फ्रेंच'मध्ये गाण्याची यंत्रे नाहीत, दूरदर्शन संच नाही, मोबाइलवर बोलायला मनाई. येणाऱ्याने शेजारच्या माणसाशी बोलावे, एवढीच अपेक्षा.

दारूचे समर्थन करण्याचे कारण नाही. न पिणाऱ्याचे काही अडत नाही. पण महानगरात माणसाला घर आणि कचेरी यांखेरीज तिसरी एक जागा लागते, जिथे त्याचे नाव कोणाला तरी ठाऊक असते. ती जागा भिंतींनी होत नाही. ती सांभाळायला कोणीतरी उंबऱ्याशी उभे राहावे लागते. डीन स्ट्रीटवर आधी जर्मन उभा राहिला, मग त्याची विधवा, मग बेल्जियन, मग त्याचा मुलगा. इंग्रजांचे हे आवडते घर परक्यांनी जपले, ही गोष्ट इंग्रजांनी विसरू नये. आणि आपल्या गल्लीतही अशी घरे कोण जपतो, हे आपणही एकदा पाहावे.