तिरुवल्लिकेणीचा तराफा

चेन्नईतील तिरुवल्लिकेणी हे नाव तमिळमधील ‘अल्ली’ (कुमुद) आणि ‘केणी’ (तळे) या शब्दांवरून आले. येथील पल्लवकालीन पार्थसारथी मंदिराच्या तळ्यात दरवर्षी मासी महिन्यात (फेब्रुवारी-मार्च) सात दिवस तेप्पोत्सव, म्हणजेच देवाचा जलविहार साजरा होतो.

रिकाम्या पिंपांवर लाकडी सांगाडा बांधून ‘तेप्पम’ अर्थात तराफा सिद्ध होतो. २०० लिटरचे बंद पिंप बुडाल्यास २०० किलो पाणी बाजूस सारते. स्वतःचे सुमारे २० किलो वजन वजा जाता ते १८० किलो भार पेलते. परंतु भार पेलणे निराळे, तोल राखणे निराळे. उत्सवमूर्ती व अर्चकांचा भार एका कडेस गेला, की तराफा कलतो. म्हणून मूर्ती चढविताना तो पायऱ्यांशी सरळ व स्थिर राहावा लागतो. दोन्ही बाजूंचे दोर समान ताणलेले असावे लागतात.

आधुनिक पाँटून नौका ट्रेलरवर चढविण्यासाठी दोन्ही अंगांस उभे मार्गदर्शक दांडे बसवितात. त्यांतील अंतर नौकेच्या रुंदीहून किंचितच अधिक असते. फार कमी ठेवल्यास नौका घासते, फार अधिक ठेवल्यास ती तिरकी चढते. दोर असोत वा दांडे, तत्त्व एकच : भार पाणी उचलते, दिशा मात्र काठावरूनच द्यावी लागते.