250 कोटींचा दंड, पण जातो कुठे?

पापनाशम हे तंजावर जिल्ह्यातलं छोटं गाव. इथेही रेशन दुकानात यंत्रावर अंगठा लागतो आणि बिल करताना दुकानदार मोबाइल नंबर विचारतो, अगदी पुण्यासारखंच. उद्या ही माहिती फुटली तर?

2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अशा वेळी दाद मागायला एक मंडळ आहे. त्याचं कामकाज ऑनलाइन चालणार, म्हणजे तक्रारीसाठी दिल्लीला खेटे घालायला नकोत. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. मंडळाची तरतूद लगेच लागू झाली. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या मात्र 18 महिन्यांनी लागू होणार.

माहिती नीट सांभाळली नाही तर दंड 250 कोटींपर्यंत! मग मंडळाची चंगळच, असं वाटेल. पण कलम 34 नुसार दंडाचा प्रत्येक रुपया भारताच्या संचित निधीत, म्हणजे केंद्राच्या तिजोरीत जातो. हे बरंच आहे. दंडावर पोट भरणारा पंच कोणाला हवा?

प्रश्न वेगळा आहे. मंडळाचा खर्च सरकारच्याच पैशातून चालतो. अध्यक्षांना महिना साडेचार लाख पगार (घर-गाडी नाही), सदस्यांना चार लाख. नेमणूक केंद्र सरकार करणार, तीही दोनच वर्षांसाठी, आणि पुन्हा नेमायचं की नाही हेही तेच ठरवणार. आता सांगा, अंगठ्याचे ठसे सर्वांत जास्त कोणाकडे आहेत? सरकारकडेच. तक्रार सरकारी खात्याविरुद्ध असली तर मंडळाचा हात जरा आखडणार नाही का?

दुसरे मार्ग आहेत. मुंबईतली सेबी ब्रोकर आणि कंपन्यांकडून शुल्क घेऊन आपला खर्च भागवते. दंड तीही तिजोरीतच भरते. ब्रिटनमध्ये लोकांची माहिती वापरणाऱ्या बहुतेक संस्था दरवर्षी शुल्क भरतात, त्यावर तिथल्या नियामकाचं हे काम चालतं. आपल्याकडेही न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीच्या 2018 च्या मसुद्यात नियामकाचा स्वतंत्र निधी होता, आणि दंडाचे पैसे जनजागृतीच्या वेगळ्या निधीत जाणार होते. 2023 च्या कायद्यात दोन्ही उरले नाहीत.

आणि ज्याची माहिती फुटली, त्याला काय? दंडातलं काहीच नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43अ खाली निष्काळजी कंपनीकडून भरपाई मागता येते. ते कलमच काढून टाकण्याची तरतूद नव्या कायद्यात आहे. उलट खोटी तक्रार केली तर तुम्हालाच 10,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तोही त्याच तिजोरीत जमा.