जिवंत मनुष्याकृतीचे रेखन आणि कलेचे शिक्षण

मनुष्याकृती रेखाटण्यास शिकणाऱ्या विद्यार्थ्यापुढे प्लास्टरचा पुतळा ठेवावा की जिवंत माणूस बसवावा, हा प्रश्न वरवर पाहता अध्यापनाच्या सोयीचा वाटतो. वस्तुतः त्यात दोन गंभीर प्रश्न गुंतलेले आहेत : विद्यार्थ्याने नेमके काय शिकावयाचे, आणि त्याच्या शिक्षणासाठी जो माणूस निश्चल बसतो त्याच्याशी समाजाचे नाते कोणते असावे.

पुतळा हलत नाही, थकत नाही. त्यामुळे प्रमाण व छायाप्रकाश यांचा प्राथमिक अभ्यास त्यावरून उत्तम होतो. परंतु शरीराचा तोल जिवंत देहावरूनच पुरतेपणी उमगतो. उभ्या माणसाने एका पायावर भार दिला की त्या बाजूची कंबर वर चढते, खांदा बहुधा त्याच बाजूस उतरतो आणि कंठाच्या खळगीतून कल्पिलेला ओळंबा भार पेलणाऱ्या पावलाजवळ येतो. काही वेळाने स्नायू शिणतात, खांदा किंचित ढळतो. तेव्हा पहिली रेषा राखावी की नवी स्वीकारावी, याचा निर्णय विद्यार्थ्यास स्वतःच करावा लागतो. म्हणूनच आधी एक-दोन मिनिटांची द्रुतरेखने व मग दीर्घ बैठक असा क्रम ठेवण्याची पद्धत आहे. विश्रांतीनंतर पूर्वस्थितीत परतता यावे यासाठी पावलांभोवती खडूच्या खुणाही करतात.

हे शिक्षण सर्वांना सारखे लाभले नाही. लंडनच्या रॉयल अकादमीची स्थापना १७६८ मध्ये झाली. संस्थापक सदस्यांत अँजेलिका कॉफमन व मेरी मोझर या दोन स्त्रिया होत्या. तथापि योहान झोफनी याने १७७१–७२ मध्ये काढलेल्या अकादमीच्या समूहचित्रात विवस्त्र पुरुषाभोवती पुरुष सदस्य जमलेले दिसतात. दोघी स्त्रिया मात्र भिंतीवरील व्यक्तिचित्रांच्या रूपानेच उपस्थित आहेत. पुढे फिलाडेल्फिया येथे थॉमस ईकिन्स याने विद्यार्थिनींच्या उपस्थितीत पुरुष मॉडेलचे कटिवस्त्र दूर केले, आणि १८८६ मध्ये त्याला पेनसिल्व्हेनिया अकादमीतील पद सोडावे लागले.

मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून १८५७ मध्ये कलाशाळा सुरू झाली. तेथे विवस्त्र मॉडेलवरून रेखनाचा वर्ग मात्र १९१९ मध्ये, ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकीर्दीत आला, आणि १९२० मध्ये भित्तिचित्रांचा वर्ग त्यास जोडला गेला. यथार्थ देहरेखनाने भारतीय शैलीचा ऱ्हास होईल, असा आक्षेप बंगालच्या संप्रदायाकडे कल असलेले टीकाकार घेत. सॉलोमन यांची भूमिका अशी, की देहाचे ज्ञान व भारतीय अलंकरण परस्परविरोधी नाहीत. स्वतः त्यांनी १९२३ मध्ये अजिंठ्याच्या चित्रांतील स्त्रियांवर पुस्तक लिहिले, हे येथे लक्षणीय आहे.

वर्गाबाहेरही जिवंत माणसावरून रेखन होते. कलाविद्यार्थी रेल्वेस्थानकावर व मंडईत रेखाटने करतात; तेथे माणूस कोणासाठी थांबत नाही, म्हणून डोळ्यास वेग आणि स्मृतीस बळ येते. प्रेक्षकांसमोर व्यक्तिचित्र काढण्याच्या प्रात्यक्षिकाचे मोल निराळे आहे. पूर्ण झालेले चित्र निर्णयांचा क्रम झाकून टाकते. प्रात्यक्षिकात चित्रकार प्रथम काय मांडतो, काय पुसतो आणि कोठे थांबतो, हे सर्वांस दिसते.

या साऱ्यात मॉडेलचा विचार बहुधा शेवटी होतो. पोटासाठी गुप्तपणे हे काम करणाऱ्या आईची कथा सांगणारा रवी जाधव यांचा ‘न्यूड’ हा मराठी चित्रपट २०१७ मध्ये गोव्यातील आंतरराष्ट्रीय महोत्सवातून वगळला गेला. २०१८ मध्ये तो प्रदर्शित झाला. जे काम कलाशिक्षणास आवश्यक मानले जाते, तेच करणाऱ्या व्यक्तीस ते घरी लपवावे लागावे, ही विसंगती आहे. योग्य मोबदला, पुरेशी विश्रांती, वस्त्रांतरासाठी आडोसा, संमतीवाचून छायाचित्र न घेण्याचा दंडक आणि आदराचे संबोधन, या गोष्टी उपकार म्हणून द्यावयाच्या नाहीत. त्या अध्यापनाचाच भाग होत. समोरच्या देहात माणूस पाहण्यास जो विद्यार्थी शिकला नाही, त्याचे रेखन कितीही अचूक असले तरी त्याचे शिक्षण अपुरेच राहिले, असे म्हणावे लागते.